पीएच.डी.ची जागा कशी शोधावी? उसाच्या बिलावर उचल मागण्यापूर्वी वाचावे असे काही



या पानावर मी दर अंकात बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय त्यातला नाही, आणि तो माझ्या खात्याचाही नाही. मी साधा कृषी पदविकाधारक. पीएच.डी. माझ्या बांधावरूनसुद्धा गेलेली नाही. परंतु हा विषय माझ्या टेबलावर आला तो ऊस बिलाच्या वाटेने, म्हणून लिहिणे भाग पडले.

गेल्या वर्षीच्या आधीच्या हंगामात अकोटकडचे एक जुने सभासद गट कार्यालयात आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "सायेब, माह्या बिलावर अडीच लाख उचल भेटन का?"

मी विचारले, "कशासाठी? बोअर घेता की लग्न काढलं?"

"दोनीबी नाई. पोरीले पीएचडी कराची हाये. एक जण म्हंते, अडीच लाख भरा, वर्षाभरात डॉक्टर करून देतो. पुस्तकबी तेच लिहून देतात म्हंते."

"आणि पोरगी काय म्हणते?"

"ते म्हंते, मी अशी नाई करत. मंग कशी करतं, तं तेबी तिले मालूम नाई. आता भाऊसायेबाच्या बापानं वावर गहाण टाकलं होतं म्हंतात, मंग म्या उचल घेतली तं काय झालं?"

भाऊसाहेब म्हणजे आपले डॉ. पंजाबराव देशमुख, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. त्यांचे उदाहरण पुढे केले की आपल्याकडे वाद संपतो. मी मात्र त्या दिवशी उचलीचा अर्ज पुढे पाठवला नाही. त्यांना म्हटले, आठ दिवस थांबा. आठ दिवसांत मी चार ठिकाणी विचारले, कागद वाचले, विद्यापीठातल्या ओळखीच्यांना गाठले. त्यातून जे कळले, आणि नंतर त्या मुलीच्या दीड वर्षाच्या खटपटीत जे दिसले, ते येथे देत आहे. आपल्या कार्यक्षेत्रात एम.एस्सी. झालेली मुले-मुली आता घरोघर आहेत, म्हणून हा प्रश्न एकट्या त्या सभासदांचा नाही.

पहिली गोष्ट पैशाची. विज्ञान विषयातली पीएच.डी. ही विकत घ्यावयाची वस्तू नाही, उलट ती करणाऱ्याला पगारासारखे पैसे मिळतात. हे सांगितले तेव्हा आमचे सभासद हसले. त्यांना वाटले साहेब थट्टा करतो. पण रीतसर मार्गाने गेलेल्या विद्यार्थ्यास केंद्र सरकारची जी फेलोशिप मिळते, तिला जेआरएफ म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी काम तपासून ती एसआरएफ होते आणि दरमहा ४२,००० मिळतात. घरभाडे वेगळे. असे एकंदर पाच वर्षे. मुलगा किंवा मुलगी त्या काळात प्रयोगशाळेत काम करते, शिकते, आणि त्या कामाचा प्रबंध लिहिते. म्हणजे हे सालदारकीसारखे आहे म्हणा ना, फक्त साल पाच वर्षांचे, आणि पीक निघेल ते सालदाराच्या नावावर.

आता एका वर्षात डॉक्टर करणाऱ्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. त्यांप्रमाणे ही पदवी कमीत कमी तीन वर्षांची आहे आणि साधारणपणे सहा वर्षांत पुरी करावयाची. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम असतो, तो पुरा करावा लागतो. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. होत नाही. नोकरी करून अर्धवेळ करता येते, पण तिलाही नियम हेच. तेव्हा "वर्षाभरात" हा एक शब्द ऐकला की पुढचे ऐकण्याचे कारण उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातील तीन खाजगी विद्यापीठांना पाच वर्षांसाठी पीएच.डी.चे प्रवेश बंद केले, कारण त्यांनी पदव्या देताना नियम पाळले नव्हते. अशा पदवीवर नोकरी लागली तरी ती कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला प्रबंध आपल्या नावावर देणे हा गुन्हा आहे, आणि आता संगणकाने नक्कल तपासतात.

अडीच लाखांचा विषय तेथे संपला. पण खरा प्रश्न पुढेच होता. पोरगी म्हणत होती ते बरोबर होते, पण मग जागा शोधावयाची कशी?

येथे एक घोळ नेहमी होतो. लोक समजतात की परीक्षा पास झाली की पीएच.डी. लागली. तसे नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या जुळाव्या लागतात: पात्रता परीक्षा, फेलोशिप आणि मार्गदर्शक, म्हणजे ज्याला मुले गाईड म्हणतात. ऊस लावला, पाणी आहे, खत दिले, पण कारखान्याकडे नोंदच केली नाही तर तोड येईल का? तसे हे आहे. गाईड नसेल तर फेलोशिप हातात असूनही मुदत संपून जाते. आणि गाईड तयार आहे पण पात्रता नाही, तर तो बिचारा काही करू शकत नाही.

परीक्षांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती कोणत्याही शिकवणीत मिळते. रसायन, जीवशास्त्र, भौतिक, गणित व भूविज्ञान या विषयांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा असते. तीन तासांचा एकच पेपर, २०० गुणांचा. नावाला ती जून आणि डिसेंबरची, प्रत्यक्षात तारीख सरकते. डिसेंबर २०२४ ची परीक्षा २८ फेब्रुवारी २०२५ पासून झाली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते आणि एक वर्ष फुकट जाते. २०२४ पासून या परीक्षेचे निकाल तीन पायऱ्यांत लागतात. वरची पायरी जेआरएफची, तीत फेलोशिप आली. दुसरी प्राध्यापकी आणि पीएच.डी. प्रवेशाची. तिसरी फक्त पीएच.डी. प्रवेशाची, आणि ती एक वर्षच चालते. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्यांना प्रवेश देताना परीक्षेच्या गुणांना ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. काही विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, तिला पेट म्हणतात. आपल्या राज्याची सेट परीक्षा प्राध्यापकीसाठी चालते, पण तिच्यावर फेलोशिप मिळत नाही. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्याही जेआरएफ आहेत. कृषी पदवीधरांचा मार्ग वेगळा. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांचे प्रवेश पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात, आणि देशभरच्या जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा असते. एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत. चार वर्षांची नवी पदवी ७५ टक्क्यांनी घेतलेल्यालाही आता थेट जाता येते.

ज्यांना जेआरएफ मिळाली नाही त्यांच्यासाठी राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याचीच आदिवासी संशोधन संस्था. महाज्योतीचे कार्यालय नागपूरला आहे. आपल्याकडच्या कुणबी सभासदांना सारथी आणि महाज्योती दोन्हीकडची दारे दिसतात, पण लाभ एकाच ठिकाणी घेता येतो. या फेलोशिपांची जाहिरात, जागांची संख्या आणि नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून येथे आकडे देत नाही. एवढे मात्र आताच करून ठेवा: जात प्रमाणपत्र, वैधता, आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमिलेअर. जाहिरात आल्यावर तहसीलला पळणाऱ्याचे काम होत नाही. आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असे धरून चालू नका. सहा-सहा महिन्यांचे एकदम येतात. तेवढ्या काळाचा खोलीचा आणि मेसचा खर्च घरून काढण्याची तयारी हवी. उचल मागायची तर ती यासाठी मागावी.

आता मुख्य गोष्ट, मार्गदर्शक. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण येथे माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सभासदाच्या मुलाने मला विचारले होते. मी त्याला एका प्राध्यापकांकडे पाठवले. का, तर ते आपल्या भागातले, ओळखीचे, बोलायला चांगले. "आपला माणूस आहे, सांभाळून घेईल," असे मी म्हटल्याचे मला आठवते. पोरगा तेथे लागला. पण त्या गृहस्थांचे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते, प्रयोगशाळेत चालू प्रकल्प नव्हता, रसायने मुलाने पदरच्या पैशाने आणली. ते निवृत्त झाल्यावर मुलगा दुसऱ्या मार्गदर्शकाकडे वर्ग झाला, त्यांचा विषय निराळा, सगळे पहिल्यापासून. त्याची चार वर्षे गेली. मुलाने मला कधी बोलून दाखवले नाही, त्याच्या वडिलांनीही नाही. पण मला ते ठाऊक आहे. बेणे घेताना आपण नातेवाइकाच्या शेतातले म्हणून गवताळ वाढीचे बेणे घेतो का? डोळा पाहतो, वय पाहतो, नऊ-दहा महिन्यांचा रसरशीत प्लॉट पाहतो. पोराच्या पाच वर्षांसाठी मी एवढेही पाहिले नव्हते.

तेव्हा पाहावयाचे काय, तर पहिले, त्या मार्गदर्शकाकडे जागा आहे का. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहाय्यक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ राहिला आहे त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. दुसरे, त्याच्या हाताखालून आजवर किती जण पार पडले आणि किती वर्षांत. हे कळायला आता फार सोपे साधन आहे. शोधगंगा नावाचा सरकारी साठा आहे, त्यात देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. मार्गदर्शकाचे नाव घातले की त्याचे विद्यार्थी आणि त्यांचे विषय दिसतात. एखाद्याच्या नावावर गेल्या दहा वर्षांत एकही प्रबंध नसेल तर विचार करावा, आणि फार थोड्या काळात ढीगभर असतील तर जास्त विचार करावा.

तिसरे, पैसा कोठून येतो. त्याच्याकडे चालू प्रकल्प असेल तर रसायने, यंत्रे, फिरती यांचा खर्च प्रकल्पातून भागतो. अशा प्रकल्पात सहायकाची जागा निघते, तिची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, आणि तेथे वर्षभर काम करून मग पीएच.डी.ला लागणारे पुष्कळ आहेत. मला हा मार्ग बरा वाटतो. दोघांनाही एकमेकांची पारख होते.

चौथी गोष्ट कागदावर दिसत नाही. तेथे सध्या असलेल्या विद्यार्थ्यांना गाठावे, प्रयोगशाळेत नव्हे, बाहेर चहाच्या टपरीवर, आणि विचारावे की सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, लिहिलेले किती दिवसांत वाचून देतात, घरची कामे सांगतात का. मुलीसाठी तर हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पोरे खरे सांगतात. न बोलता नुसते हसले तरी समजायचे.

जागा कोठे पाहाव्यात? अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ (स्थापना १ मे १९८३) आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना २० ऑक्टोबर १९६९) ही तर घरचीच. पण फक्त तेथेच पाहणे बरोबर नाही. नागपूरला पर्यावरणाची नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, आयसर. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि रसायन तंत्रज्ञान संस्था. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना त्यांच्याच अकादमीची पीएच.डी. मिळते. उसात रस असेल तर कोईमतूरची ऊस पैदास संस्था आहेच.

कोईमतूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपण जी को ८६०३२ लावतो, तिच्या नावातच तिचा जन्म लिहिला आहे. को म्हणजे कोईमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल. आईबाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. आपल्या राज्यात ती नीरा या नावाने शेतकऱ्यांपर्यंत पोचायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत निवड, चाचण्या, रोगाची तपासणी, साखरेचे उतारे हे सगळे कोणी केले? अशाच कोणाच्या तरी मुला-मुलींनी. त्याच संस्थेत १९३० च्या दशकात डॉ. जानकी अम्मल यांनी उसाच्या संकरावर काम केले. त्या अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या. तेव्हा "पोरगी जात लांब जाऊन काय करन" असे जे म्हणतात, त्यांच्या धुऱ्यावर उभा असलेला ऊस थोडाफार अशा पोरींचाच आहे.

जागा नाकारली जाते तेव्हा काय करावे, यासाठी एक खरी हकीकत देतो. कमला भागवत नावाची मुलगी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, पहिल्या क्रमांकाने. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, म्हणून तिनेही तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ही बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कारण विचारले. शेवटी रामन यांनी अटी घालून घेतले: पहिले वर्ष परीक्षेचे, ते नियमित प्रवेशात धरायचे नाही, मार्गदर्शक सांगेल तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे, आणि मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. तिने अटी मान्य केल्या, पण अपमान विसरली नाही, पुढे तसे उघड बोललीही. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांनी तिला रीतसर घेतले आणि पुढे मुलींना त्या संस्थेचे दार उघडले.

नंतर ती केंब्रिजला गेली. तेथेही एकाच माणसाकडे जागा मिळून सगळे सरळ झाले असे नाही. प्रथम डॉ. रिश्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली, मग डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम केले. बटाट्यावर काम करताना तिला आढळले की सायटोक्रोम सी हे श्वसनाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते. हॉपकिन्स यांच्यासारखा नोबेल विजेता त्या विभागाचा प्रमुख होता. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. आपल्याकडे आता चारशे पानांच्या बांधणीचा खर्च काढत बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. परत आल्यावर, लग्नानंतर डॉ. कमला सोहोनी म्हणून, त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा कशी उपयोगी पडते हे दाखवले.

मागच्या पिढीतले आणि आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर. नागपूरला इंजिनिअरिंग, बडोद्याला पुढची पदवी, आणि १९७२ मध्ये दिल्ली आयआयटीची पीएच.डी. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम महासंगणक तयार झाला. पाहा, एकाच गावाला चिकटून राहिले नाहीत. जेथे विषय होता तेथे गेले.

आता आपल्या मुलीकडे येऊ. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने पहिल्या महिन्यात चाळीस प्राध्यापकांना ईमेल पाठवले. एकाचेही उत्तर नाही. मी म्हटले, दाखव काय लिहिलेस. सगळ्यांना एकच मजकूर होता: आदरणीय महोदय, मला संशोधनाची अत्यंत आवड आहे, मी मेहनती व प्रामाणिक आहे, कृपया आपल्या मार्गदर्शनाखाली संधी द्यावी. खाली दहा प्रमाणपत्रे जोडलेली. मला इंग्रजी पत्रव्यवहार फारसा येत नाही, पण रोज माझ्याकडे अर्ज येतात ते मी कसे वाचतो हे मला माहीत आहे. "माझ्या उसाला तोड द्यावी" हा अर्ज मी बाजूला ठेवतो. "गट क्रमांक अमुक, लागण अमुक तारखेची, दीड एकर, कडेने पडला आहे" असा अर्ज आला की मी दुचाकीला किक मारतो.

मग आम्ही दोघे बसलो. तिला विचारले, तुला खरेच काय पाहावेसे वाटते? ती म्हणाली, "काका, आमचे बाबा पाचटावर ते कल्चर टाकतात. कुठं लवकर कुजतं, कुठं तसंच राहतं. काऊन, ते कोणीच सांगत नाही."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. गेली वीस वर्षे मी गावोगाव सांगत आहे की पाचट जाळू नका, हेक्टरी आठ-दहा टन निघते, त्यात अर्धा टक्का नत्र आहे, ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब आहे, त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाका. लोक टाकतात. कोठे कुजते, कोठे कुजत नाही. आणि का ते मलाही सांगता येत नव्हते. हा संशोधनाचा प्रश्न होता आणि तो आमच्या सरीत पडलेला होता.

तिने चाळीस नावे सोडून सहा नावे धरली. प्रत्येकाचे एक-दोन शोधनिबंध नीट वाचले. मग पत्र लिहिले, पंधरा ओळींच्या वर नाही. पहिल्या परिच्छेदात, तुमच्या अमुक लेखात तुम्ही काडीकचरा कुजवणाऱ्या बुरशीवर असे म्हटले आहे, त्यावर माझा हा प्रश्न आहे. दुसऱ्यात, मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय केले आणि कोणती यंत्रे हाताने वापरली. तिसऱ्यात, परीक्षेची स्थिती खरी खरी, आणि जागा आहे का एवढा प्रश्न. सोबत एक पानाची माहिती. सहांपैकी दोघांची उत्तरे आली. एकांनी जागा नाही असे कळवले, पण दुसऱ्या एका शास्त्रज्ञांचे नाव सुचवले. पंधरा दिवस उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्यावी, दोनदा नाही, हेही तेव्हा शिकलो.

नेट परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. घरात कुजबूज सुरू झाली, दोन स्थळेही आली. वडील मला म्हणाले, "सायेब, अजून किती दिवस?" मी म्हटले, अडसाली लावली तर अठरा महिने थांबता ना? ते गप्प बसले, पण मला तेव्हा माझीच भीती वाटली, कारण हमी मी कशाच्या जोरावर देत होतो? दुसऱ्या खेपेस ती पास झाली, फेलोशिपसकट. सुचवलेल्या शास्त्रज्ञांकडे मुलाखत झाली. त्यांनी विचारले म्हणे, पाचट जाळल्याने नेमके काय जाते? बाकीच्या उमेदवारांनी पुस्तकातले सांगितले. हिने तेही सांगितले आणि वर सांगितले की सरीत ओल असलेल्या ठिकाणचे पाचट आणि वरंब्यावरचे पाचट वेगळे वागते, आणि आपण ते दोन हंगाम मोजलेले आहे. कारण खरेच तिने वडिलांच्या खोडव्यात खुंट्या मारून मोजले होते, शाळेच्या वहीत.

आज ती पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आहे. पहिल्या चार महिन्यांचे पैसे उशिरा आले, ते वडिलांनी भागवले. उचल लागली ती चाळीस हजारांची, आणि ती मी मंजूर करून घेतली.

पुढे नोकरी लागेलच का, असे सभासद विचारतात. खोटे बोलणार नाही. पीएच.डी. म्हणजे नोकरीची चिठ्ठी नव्हे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारे पीएच.डी.धारक आपल्याच तालुक्यात आहेत. जुलै २०२३ च्या नियमाने सहाय्यक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवली आहे. तेव्हा केवळ कॉलेजात शिकवायचे म्हणून पाच वर्षे घालण्याची घाई करू नये. आधी ती परीक्षा द्यावी. ज्याला प्रश्न पडलेला आहे त्याने जावे. ज्याला नावापुढे डॉक्टर लावून पत्रिका छापायची आहे, त्याच्या वडिलांनी तो पैसा ठिबकला लावावा, हे माझे स्पष्ट मत आहे. कोणास राग आला तर येवो.

परदेशाविषयी दोन शब्द. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठांत बहुधा फी माफ होऊन वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे वेतन मिळते. पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या डिसेंबरच्या सुमारास द्यावे लागतात. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी पीएच.डी.चा विद्यार्थी हा नोकरदारच असतो, जागेची जाहिरात निघते. तेव्हा तिकडच्या पीएच.डी.साठीही जमीन गहाण टाकण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो एम.एस.च्या कर्जाची गल्लत करतो आहे. पंजाबराव १९२० मध्ये निघाले तेव्हाचा काळ वेगळा होता. एडिंबरो, ऑक्सफर्ड, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर डॉक्टरेट. पापळसारख्या गावातून शंभर वर्षांपूर्वी! त्यांच्या नावाने आता विद्यापीठ आपल्या दारात आहे. तेवढ्यासाठी वावर मोकळे ठेवायला हरकत नाही.

ज्या सभासदांची मुले एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत किंवा झालेली आहेत, त्यांनी गुरुवारी दुपारी तीननंतर गट कार्यालयात यावे. त्या दिवशी मी शिवारात जात नाही. मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे, नुसत्या वडिलांनी येऊन उपयोग नाही. गुणपत्रिका, एम.एस्सी.च्या प्रकल्पाची प्रत आणि जातीचे कागद असतील तर आणावे. पुण्याची आपली मुलगी दिवाळीला गावी येणार आहे, तेव्हा ती एक दिवस कार्यालयात बसेल असे तिने कबूल केले आहे. येताना तिने ज्यांच्या खोडव्यात खुंट्या मारल्या आहेत त्या दोन सभासदांनी त्या उपटू नयेत, मोजमाप अजून चालू आहे.

ऊस विकास अधिकारी